माळावरचा लांडगा : दोनशे वर्षांच्या नोंदी

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ऐकल्याशिवाय मराठी मुलाची प्राथमिक शाळा पुरी होत नाही. मुंबई इलाख्यातील शाळांसाठी इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या त्या सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांच्या १८२८ सालच्या पुस्तकातून. इसापाचा लांडगा ग्रीसचा. मुलांच्या डोळ्यांसमोर मात्र उभा राहत असणार तो गावाबाहेरच्या माळावरचा. या माळावरच्या लांडग्याची शास्त्रीय ओळख तोपर्यंत झालेली नव्हती. ती झाली आणखी तीन वर्षांनी, १८३१ मध्ये.

ही ओळख करून दिली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने. पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारला नव्या मुलखाची माहिती हवी होती. पिके किती, माणसे किती, पाऊस किती, बाजारभाव काय, या सगळ्याची मोजदाद करण्यासाठी १८२४ मध्ये साइक्सची नेमणूक झाली. आकडे गोळा करता करता त्याने दख्खनचे पक्षी, मासे आणि सस्तन प्राणीही गोळा केले. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडलेल्या यादीत त्याने इथल्या लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपेस’ म्हणजे फिकट पायांचा श्वान असे नाव दिले आणि शेजारी ‘लांडगा’ हे मराठी नावही नोंदवले. हे प्राणी दख्खनच्या मोकळ्या, खडकाळ माळांवर पुष्कळ आहेत. घाटातल्या रानांत मात्र ते आढळत नाहीत, असा त्याच्या नोंदीचा आशय आहे.

नोंदीचा हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. लांडगा कुठे राहतो असे वर्गात विचारले, तर ‘जंगलात’ हे उत्तर ठरलेले. पुणे जिल्ह्यापुरते तरी ते चूक आहे. सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेला निघालो की पाऊस झपाट्याने कमी होतो. पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर या तालुक्यांत तो बहुतेक ठिकाणी वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. अशा जमिनीवर दाट वृक्ष वाढत नाहीत. वाढते ते गवत : कुसळी, पवन्या, मारवेल. मधूनमधून बोर, हिवर आणि बाभूळ. हे उजाड झालेले जंगल नसून ही स्वतंत्र परिसंस्था आहे. लांडग्याचे लांब पाय, मातकट रंग आणि टोळीने पाठलाग करण्याची रीत या मोकळ्या जागेशी जुळणारी आहे. काळवीट आणि चिंकारा हे इथले त्याचे मूळ भक्ष्य.

मेंढरू त्याच्या आहारात कधी आले? निश्चित साल अर्थातच सांगता येणार नाही. पण शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. तेथे मेंढ्या-शेळ्यांची हाडेही मिळाली. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली आणि लोक मेंढ्या-शेळ्यांवर अधिक विसंबू लागले, असे मत उत्खननकर्त्यांपैकी म. के. ढवळीकर यांनी मांडले होते. ते मान्य केले, तर या मुलखात मेंढपाळ आणि लांडगा यांची गाठ किमान तीन हजार वर्षांची ठरते.

पडीक म्हणजे काय?

साइक्स लांडग्याचे वर्णन लिहीत होता त्याच सुमारास त्याच मुलखात दुसरे एक मोजमाप चालू होते. जमिनीचा सारा ठरवण्यासाठी रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात पाहणी सुरू केली. कागदावर ती फार शास्त्रशुद्ध होती. प्रत्यक्षात सारा इतका जड झाला की इंदापूर भागात शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने मोजणी हाती घेतली, दर उतरवले आणि ते तीस वर्षांसाठी कायम केले. मुंबई इलाख्याची पुढची सारी जमीन महसूल पद्धत या इंदापुरी प्रयोगातून वाढली. आज सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आपण जे पाहतो त्याची मुळे तिथे आहेत.

या पद्धतीत जमिनीचे मोल ठरत असे ते पिकावरून. नांगरता येते ती जमीन कामाची. उरलेली ‘पडीक’ नाहीतर ‘पोटखराबा’. मराठेशाहीत घोडदळासाठी राखलेल्या कुरणांना किंमत होती, कारण गवत हे घोड्याचे इंधन होते. नव्या हिशेबात गवताची ती किंमत राहिली नाही. आमच्या मते लांडग्याच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच. बंदुकीपेक्षाही त्याला महाग पडला तो हा एक शब्द.

दर उतरल्यावर लागवड वाढू लागली. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि हलक्या जमिनीही नांगराखाली आल्या. पुढे भाव कोसळले, १८६७ नंतरच्या फेरआकारणीत सारा वाढला आणि सावकारी पाशाविरुद्धचा उठाव १२ मे १८७५ रोजी सुपे या गावी भडकला. दख्खनचे दंगे म्हणून हा प्रसंग आपण इतिहासात शिकवतो. त्याच सुप्याजवळ १९९७ मध्ये चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्रफळ ५.१४ चौरस किलोमीटर. लांडग्यांच्या एका टोळीला वावरायला शंभराहून अधिक चौरस किलोमीटर लागतात. तेव्हा अभयारण्य हे त्याचे घर होऊ शकत नाही, फार तर वाटेवरचा मुक्काम. बाकी सारा वावर शेतांतून, गायरानांतून आणि ओढ्याकाठाने.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर पाटबंधाऱ्यांना वेग आला. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या सखल भागात उसाला वाट मिळाली. पाणी चढू शकत नव्हते ते उंचवटे तेवढे माळ म्हणून राहिले. नकाशावर पाहिले तर आजचा माळ हा सलग पट्टा नसून उसाच्या समुद्रातली बेटे आहेत. (ऊस बिबट्याला मानवला हे जुन्नरकरांना सांगायला नको. लांडग्याला तो मानवला नाही. दोघांना ‘हिंस्र श्वापद’ या एकाच टोपलीत टाकण्याची आपली सवय इथे उघडी पडते.)

बक्षीस आणि वाटा

याच काळात सरकारने लांडग्याच्या डोक्यावर रोख बक्षीस लावले होते. मारलेले जनावर आणून दाखवावे आणि पैसे न्यावेत; पिल्लांचेही पैसे मिळत. हिंस्र प्राणी आणि साप यांनी किती माणसे व जनावरे मारली आणि बदल्यात किती प्राणी मारले गेले, याचे वार्षिक तक्ते निघत. अशा सरकारी नोंदींवरून इतिहासकार महेश रंगराजन यांनी केलेल्या अभ्यासानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात लाखाहून अधिक लांडगे मारले गेले. उत्तरेकडे लांडगे मुले उचलून नेत असल्याच्या घटना अनेकदा घडल्या आणि बक्षिसांमागे ती भीतीही होती. आपल्या माळांवर प्रश्न मुख्यतः मेंढरांचा होता आणि आजही आहे.

मेंढपाळ त्याकडे कसा पाहतो? पावसाळा माळावर काढून दसरा-दिवाळीनंतर अनेक धनगर कुटुंबे कळप घेऊन पश्चिमेला, घाट उतरून कोकणापर्यंत जातात. वाटेत शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. रात्री मेंढ्या वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोकरे डालग्याखाली, भोवती कुत्री आणि आळीपाळीने जागणारी माणसे. एवढे करूनही कधी पहाटे, कधी भर दिवसा एखादे मेंढरू जाते. लांडगा आपला वाटा नेतो, दुबळे जनावर काढून नेल्याने कळपाची रोगराई टळते, असे मानणारे मेंढपाळ आजही भेटतात. याचे गोडवे गाऊ नयेत. बिळात धूर करून पिल्ले मारणे हेही याच माळांवर घडत आले आहे. ज्याचे पोट पाच-पन्नास मेंढ्यांवर आहे त्याच्यासाठी एका रात्रीत चार मेंढ्या जाणे म्हणजे वर्ष कोलमडणे. तरीही बिळे कुठे आहेत हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असणाऱ्या या लोकांनी लांडगा संपवला नाही, हे सत्य उरतेच.

प्रा. कैलास मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी १९८० च्या आसपास महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या शिकारीच्या पद्धतींचा आणि पशुपालकांच्या जीवनाचा अभ्यास केला होता. फासेपारधी फाशांनी काळवीट धरीत, नंदीवाले कुत्री घेऊन शिकार करीत. बंदुका आणि जीपगाड्या आल्यावर माळावरचे हरिण झपाट्याने घटले. हरिण घटले तसा लांडगा मेंढरावर अधिक विसंबला, हे ओघाने आलेच. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोक अभयारण्यात झालेल्या अभ्यासांतही त्याच्या आहारात पाळीव जनावरांचा मोठा भाग दिसून आला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बक्षिसांचा काळ मागे टाकला. आज लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत आहे. मेंढरू मारले गेल्यास वनखाते भरपाई देते. पण त्यासाठी मुदतीत खबर, जागेवर मृत जनावर आणि पंचनामा लागतो. वाडा आज या शिवारात, तर परवा पुढच्या. पंचनाम्याची वाट पाहत थांबले तर बाकीच्या मेंढ्यांनी खायचे काय? एका जागी राहणाऱ्या माणसासाठी केलेला नियम फिरत्या माणसाला लावला की असे होते.

आणि ‘पडीक’ हा शब्द? तो कायद्याने बदलला नाही. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि माळावर झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरले. चर खणून ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली गेली. हेतू चांगला होता, पण गवताचे नुकसान झाले आणि मेंढपाळाची चराई बंद झाली. देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशे पुढे २००० पासून प्रसिद्ध झाले, त्यांत गवताळ आणि झुडपी जमिनी याच सदरात आल्या. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीसारख्या ठिकाणी वनखात्याने माळ माळ म्हणून दाखवायला सुरुवात केली आहे, ही त्यातली उजवी बाजू. उरलेल्या ठिकाणी प्लॉट, कारखाने आणि रस्ते पोचत आहेत. आपल्या शाळेच्या गावातील गायरान गावनकाशात किती होते आणि आज किती आहे, हे नववी-दहावीचे विद्यार्थी तलाठी कार्यालयाच्या मदतीने सहज काढू शकतील.

रक्तातली नोंद

साइक्सने ज्याला वेगळे नाव दिले तो पुढे शास्त्रज्ञांनी सर्वसामान्य करड्या लांडग्याची एक उपजात ठरवला. जनुकीय अभ्यासांनी मात्र साइक्सची बाजू काहीशी सावरली आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात भारतीय माळावरच्या लांडग्याची मातृवंशाची शाखा सुमारे चार लाख वर्षांपूर्वी वेगळी झाल्याचा अंदाज मांडला गेला. त्यानंतर संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासातूनही ही शाखा फार जुनी असल्याचे दिसले. देशात अशा प्रौढ लांडग्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असावी, असा २०२२ मधील अंदाज आहे. वाघांच्या संख्येशी ताडून पाहावी, इतकी ती कमी आहे.

२०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातूनच आणखी एक नोंद झाली. अंगाच्या रंगावरून वेगळे वाटणारे प्राणी येथे दिसत होते; त्यांच्या जनुकांच्या तपासणीत लांडगा आणि गावातले कुत्रे यांचा संकर झाल्याचे सिद्ध झाले. याचे कारण समजायला सोपे आहे. गावोगावचा कचरा आणि कोंबडीपालन केंद्रांबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या यांवर भटकी कुत्री पोसली जातात. लांडगेही तिथे येतात. टोळी सोडून जोडीदार शोधत निघालेल्या तरुण लांडग्याला दुसरा लांडगा भेटण्याआधी शंभर कुत्री भेटतात. संकराबरोबर डिस्टेंपर आणि रेबीज हे रोगही कुत्र्यांकडून येऊ शकतात. यावर गावातील कुत्र्यांचे लसीकरण हा एक उपाय आहे. लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते, त्यामुळे कुत्रे दरवर्षी त्याच ठिकाणी सापडायला हवे. गावातले कुत्रे सापडते. धनगरवाड्याबरोबर फिरणारे कुत्रे, ज्याची लांडग्याशी सर्वांत जास्त गाठ पडते, ते लसीच्या वेळी घाट उतरून कोकणात गेलेले असू शकते.