दहा जणींची साक्ष

1896 च्या मार्चमध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एकीमागून एक दहा बायकांनी आरोपीकडे बोट दाखवून ‘हाच तो’ असं शपथेवर सांगितलं. आरोपी होता अॅडॉल्फ बेक, मूळचा नॉर्वेचा. स्वतःला लॉर्ड म्हणवायचं, एखाद्या बाईला घरकारभाराच्या नोकरीचं आमिष दाखवायचं, नव्या कपड्यांसाठी न वटणारा चेक द्यायचा आणि माप हवं म्हणून तिच्या बोटातली अंगठी काढून घेऊन पसार व्हायचं, असा त्याच्यावरचा आरोप. 1877 साली हुबेहूब याच रीतीने बायकांना गंडवून ‘जॉन स्मिथ’ नावाचा एक माणूस तुरुंगात गेला होता. बेक म्हणजेच तो स्मिथ, अशी पोलिसांची खात्री होती; एका जुन्या शिपायाने तसं सांगितलंही होतं. बचावाचं म्हणणं मात्र असं की, 1877 साली बेक लंडनमध्येच नव्हता, दक्षिण अमेरिकेत पेरू देशात होता.

अठरा वर्षांपूर्वी तो कुठे होता, याचा 1895 च्या फसवणुकीशी काय संबंध, असा आक्षेप कुणी घेईल. न्यायाधीश सर फॉरेस्ट फुल्टन यांनी नेमका तोच घेतला आणि 1877 चा विषय जूरीपुढे येऊच दिला नाही. पण संबंध होता, आणि तो सरकार पक्षाच्याच पुराव्यातून निघत होता. दोन्ही काळातली पत्रं एकाच हातची, असं त्यांच्या हस्ताक्षरतज्ज्ञाचं मत होतं. मग 1877 चा लिहिणारा बेक नसेल, तर 1895 चाही नाही. पेरूतला मुक्काम सिद्ध झाला असता, तर दहाही साक्षी एकदम कोसळल्या असत्या. (1877 साली स्मिथविरुद्ध सरकारी वकिलांत हेच फुल्टन होते, हे इथे नोंदवलेलं बरं.) बेकला सात वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि तुरुंगात स्मिथचाच जुना क्रमांक सराईताचं अक्षर जोडून त्याला मिळाला.

दहा साक्षी म्हणजे एका साक्षीच्या दहापट वजन, हा हिशेबच फसवा आहे. त्या बायका खोटं बोलत नव्हत्या, आणि अडचण तिथेच होती. दिसायला सारखा असलेला एकच माणूस सगळ्यांना भेटला, म्हणून सगळ्यांची चूकही एकच झाली. त्यात ओळख परेडीत पिकले केस आणि मिशी असलेला एकटा बेकच उभा होता. उलटतपासणीत खोटारडा अडखळतो. मनापासून चुकलेला साक्षीदार उलट जास्तच ठाम होतो.

‘मी तिथे नव्हतोच’ हा बचाव रचायला सोपा, दोस्त-नातेवाईक हवं ते सांगतात, हे खरंच आहे. कोर्टं त्याकडे संशयाने पाहतात ते उगाच नव्हे. पण अशा बचावाला तारीख, गाव आणि माणसं जोडलेली असतात. ती पडताळता येतात, खोटी असतील तर उघडी पडतात. बायकांच्या मनातला चेहरा पडताळायला मात्र कोर्टाकडे काहीच नव्हतं. 1898 साली तुरुंगाच्या कागदांतून कळलं की स्मिथची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. तरीही शिक्षा कायम राहिली, फक्त क्रमांक बदलला. सुटल्यावर 1904 साली त्याला पुन्हा पकडलं, नव्या बायकांनी पुन्हा ओळखलं, जूरीने पुन्हा दोषी ठरवलं. शिक्षा सुनावणं लांबलं, आणि बेक कोठडीत असतानाच तसाच गुन्हा करताना खरा माणूस सापडला. बेकला माफी आणि पाच हजार पौंड मिळाले. या प्रकरणाच्या धक्क्यातून 1907 साली इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय आलं.

आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्याच्या अकराव्या कलमातच उदाहरण होतं: गुन्हा कलकत्त्याला घडला, तर आरोपी त्या दिवशी लाहोरला होता ही बाब कोर्टाने ऐकावी. आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवरच असतं, पण ते पेललं नाही म्हणून गुन्हा आपोआप शाबीत होत नाही. बचावाच्या साक्षीदारांनाही सरकारी साक्षीदारांइतकीच समान वागणूक मिळायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली दूधनाथ पांडे खटल्यात म्हटलं. त्याच निकालात आरोपीचा दुसरीकडे असल्याचा दावा मात्र तपासून फेटाळला.