पांढरी चकती दिसेनाशी होते तेव्हा

सिॲटलला राहायला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मला दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागली. एक म्हणजे रात्री नऊ वाजताही उजेड असतो. दुसरी म्हणजे शुक्रवारी चारनंतर ऑफिसात कोणी सापडत नाही, सगळे तळ्यावर गेलेले असतात. तळं म्हणजे लेक वॉशिंग्टन. उत्तर-दक्षिण सुमारे ३५ किलोमीटर लांब, सर्वांत खोल ठिकाणी ६५ मीटर. पश्चिम काठावर सिॲटल, पूर्व काठावर बेलव्ह्यू, कर्कलंड वगैरे गावं, आणि दोन्ही काठांवर सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी आपली भरपूर मराठी मंडळी. गणपती असो नाहीतर कोणाचा वाढदिवस, उन्हाळ्यातली सहल बहुधा याच पाण्याच्या कडेला होते.

अशाच एका संध्याकाळी मी छातीभर पाण्यात उभा होतो आणि मला माझ्या पायाची बोटं दिसत होती. ज्याचं बालपण हिरव्या तळ्याच्या काठी गेलं आहे त्याला यात काय नवल वाटतं, ते सांगायला नको. आमच्या इमारतीत राहणारे एक सत्तरीतले गृहस्थ शेजारी पोहत होते. मी पाण्याचं कौतुक केलं तर ते हसून म्हणाले, “मी लहान असताना आई आम्हाला यात उतरू द्यायची नाही.”

मला वाटलं, आईची काळजी असेल. घरी येऊन वाचायला लागलो तेव्हा कळलं की ती माउली बरोबर होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला या तळ्याला इथली वर्तमानपत्रं ‘लेक स्टिंको’ म्हणत. म्हणजे वासमारं तळं.

हे तळं घाण कसं झालं आणि स्वच्छ कसं झालं, याची गोष्ट पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकांत थोडक्यात येते. पण तपशिलात गेल्यावर मला ती वेगळीच वाटली. तिची सुरुवात सिॲटलपासून फार लांब, इटलीच्या किनाऱ्यावर होते.

१८६५ साली पोपच्या नौदलाचे अधिकारी अलेस्सांद्रो चाल्दी यांना समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजायची होती. त्यांनी मदतीला बोलावलं फादर अँजेलो सेक्की यांना. सेक्की हे जेझुइट पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट पाहून त्यांचे वर्ग पाडणाऱ्या पहिल्या लोकांपैकी ते एक. या दोघांनी जहाजावरून वेगवेगळ्या आकारांच्या आणि रंगांच्या चकत्या पाण्यात सोडून पाहिल्या. चकती दोरीला बांधायची, हळूहळू खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीची लांबी मोजायची. बस्स, इतकंच. पुढे १८९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज व्हिपल यांनी चकतीचे चार भाग करून ते आलटून पालटून काळे-पांढरे रंगवले. जगभरातले तलाव-अभ्यासक आजही ही ‘सेक्की चकती’ वापरतात. तिला बॅटरी लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही. माझ्या पोटावर पाय देणारं उपकरण आहे म्हणा ना!

आता सिॲटलकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराचं मैलापाणी सरळ या तळ्यात जात असे. १९३६ पर्यंत सिॲटलने ते बंद करून समुद्राकडे, म्हणजे प्युजेट साउंडकडे वळवलं. प्रश्न सुटला असं वाटलं. पण १९४० मध्ये तळ्यावर तरंगता पूल झाला, पूर्वेकडची शेतं आणि जंगलं शहराच्या आवाक्यात आली, आणि युद्धानंतर तिथे उपनगरं फोफावली. प्रत्येक गावाने आपापलं मैलापाणी प्रक्रिया केंद्र बांधलं. १९४१ ते १९५३ या काळात अशी दहा केंद्रं तळ्यात पाणी सोडू लागली होती.

हे कच्चं मैलापाणी नव्हतं, हे लक्षात घेतलं पाहिजे. केंद्रं त्या काळच्या मानाने चांगली होती. त्यांतून बाहेर पडणारं पाणी दिसायला बऱ्यापैकी नितळ असे. पण त्यातला फॉस्फरस आणि नायट्रोजन तसाच राहत असे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर घाण काढून घेतली होती, खत मात्र तसंच तळ्यात चाललं होतं. खत मिळालं की पीक येणारच. तळ्यातलं पीक म्हणजे शेवाळ.

ते पीक पहिल्यांदा ओळखलं वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टॉमी एडमंडसन यांच्या प्रयोगशाळेने. १९५५ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या नमुन्यांमध्ये त्यांना ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे नीलहरित शेवाळ मुबलक सापडलं. सामान्य माणसाला या नावाचं काही वाटणार नाही, पण तलाव-अभ्यासकाच्या पोटात गोळा येईल असं ते नाव होतं. कारण युरोपात हे शेवाळ कुप्रसिद्ध होतं. ते लालसर असतं, आणि स्वित्झर्लंडमधल्या मुर्टेनच्या तळ्यात ते वर आलं की लोक त्याला ‘बर्गंडीवाल्यांचं रक्त’ म्हणत, कारण १४७६ साली त्या काठावर बर्गंडीचं सैन्य कापलं गेलं होतं. झुरिकच्या तळ्यात ते १८९८ मध्ये अवतरलं आणि पुढे त्या तळ्याची अवस्था बिघडत गेली. म्हणजे एडमंडसन यांच्या हाती पन्नास वर्षं आधी घडून गेलेल्या गोष्टीचं पहिलं पान होतं. पुढची पानं त्यांनी वाचलेली होती.

पण नुसतं शेवाळ सापडून भागलं नसतं. तळ्यात शेवाळ असतंच. ते वाढलंय हे सांगायचं तर आधी किती होतं ते माहीत हवं. आम्ही प्रोग्रामर लोक याला लॉग म्हणतो. सिस्टिम आज मंद चालतेय अशी तक्रार आली की पहिला प्रश्न असतो, गेल्या महिन्याचे लॉग आहेत का? नसतील तर पुढची सगळी चर्चा मतामतांची होते. लेक वॉशिंग्टनचं नशीब असं की १९३३ मध्ये कोणीतरी या तळ्याचा नीट अभ्यास करून ठेवला होता, आणि १९५० मध्ये एडमंडसन यांच्याच एका विद्यार्थ्याने पुन्हा मोजमापं घेतली होती. पैकी १९३३ साली तळ्यावर काही संकट आहे असं कोणाला वाटत नव्हतं. ती नोंद कोणी ‘उपयोगी पडेल’ म्हणून केलेली नव्हती. पण १९५५ चे आकडे शेजारी ठेवल्यावर तळं कुठून कुठे चाललंय हे कागदावर दिसलं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो. एडमंडसन यांनी शोधनिबंध लिहिला, तो छापून आला, आणि एरवी गोष्ट तिथेच संपली असती. त्याच काळात जेम्स एलिस नावाचा एक तरुण वकील सगळ्या उपनगरांना एकत्र बांधणारी एखादी संस्था काढावी म्हणून धडपडत होता. १९५६ च्या अखेरीस एडमंडसन यांनी त्याला आपणहून पत्र लिहिलं. पुढे त्यांनी प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात एक टिपण तयार केलं. तळ्याला काय होतंय, असंच चालू राहिलं तर काय होईल, मैलापाणी वळवलं तर तळं सुधारेल का. उत्तरं साध्या भाषेत आणि न डगमगता दिलेली. शास्त्रज्ञ सहसा ‘अजून अभ्यासाची गरज आहे’ म्हणून सुटका करून घेतात. यांनी भाकीत केलं: खत बंद करा, तळं सुधारेल. हे चुकलं असतं तर सगळ्या शहरासमोर चुकलं असतं.

भाकिताला आधार होता. या तळ्यात साठलेलं पाणी साधारण अडीच-तीन वर्षांत बदलतं, आणि त्यातलं पुष्कळसं पाणी सीडर नदीचं, डोंगरातलं, फॉस्फरस कमी असलेलं. यातही एक जुना हिशेब दडलेला आहे. सीडर नदी मुळात या तळ्यात येतच नव्हती. जहाजांचा कालवा खोदताना, १९१६ च्या आसपास, इंजिनिअरांनी तिला तळ्यात वळवलं आणि तळ्याची पातळी सुमारे पावणेतीन मीटरने खाली आणली. तळ्यातून वाहणारी ब्लॅक नदी त्यामुळे कोरडी पडली. त्या नदीकाठी ड्वामिश लोकांची वस्ती होती, मासे होते, ते सगळं गेलं. तळं पुढे इतक्या लवकर धुऊन निघालं त्यात त्या वळवलेल्या पाण्याचा वाटा आहे. आज मी ज्या पाण्यात बोटं मोजतो त्याची किंमत कोणीतरी आधीच भरलेली आहे, आणि त्यांना विचारून नव्हे.

मार्च १९५८ मध्ये ‘मेट्रो’ या नव्या संस्थेसाठी मतदान झालं. शहराने होकार दिला, उपनगरांनी नकार. कायद्याप्रमाणे दोन्हीकडे स्वतंत्र बहुमत हवं होतं, त्यामुळे प्रस्ताव पडला. नकार देणाऱ्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. पण त्यांना भीती होती की मोठं शहर आपल्याला गिळेल आणि कर आपण भरू. मूळ प्रस्तावात वाहतूक आणि नियोजन हेही विषय होते. एलिस आणि मंडळींनी ते काढून टाकले, फक्त मैलापाणी ठेवलं, आणि सप्टेंबर १९५८ मध्ये पुन्हा मत मागितलं. यावेळी दोन्हीकडे होकार आला. मधल्या उन्हाळ्यात तळ्याने आपला प्रचार आपणच केला होता. वासाला भाषण लागत नाही.

तळ्याभोवती मोठ्या नळांची माळ घालून मैलापाणी बाहेर काढायला सुमारे १४ कोटी डॉलर लागले, तेही स्थानिक लोकांच्या खिशातून. १९६३ मध्ये पहिला नळ वळला आणि १९६८ मध्ये शेवटचा. तोवर तळं बिघडतच होतं. पन्नास साली साडेतीन मीटरच्या आसपास दिसणारी चकती त्या वर्षांतल्या उन्हाळ्यात जेमतेम एक मीटरवर नाहीशी होत होती. मत देऊन, पैसे भरून लोक पाच-सात वर्षं आणखी घाणेरडं पाणी बघत राहिले. मला यातला धीर मोठा वाटतो. आम्ही दोन आठवड्यांत आलेख वर गेला नाही तर प्रोजेक्ट बंद करतो.

मग चकती खाली जायला लागली. १९६८ मध्ये तीन मीटरच्या आसपास, आणि पुढे आणखी खाली. भाकीत खरं ठरलं. आणि मग १९७६ मध्ये भाकिताच्याही पुढे काहीतरी झालं. पाणी अचानक इतकं नितळ झालं की फॉस्फरसच्या हिशेबात ते बसेना. कारण निघालं डाफ्निया, शेवाळ गाळून खाणारा मिलिमीटरभराचा पाण्यातला जीव. त्याला खाणारी छोटी कोळंबी कमी झाली होती, कारण कोळंबीला खाणारे मासे वाढले होते, आणि सीडर नदीतल्या बदलांमुळे त्या माशांना अंडी घालायला चांगली जागा मिळाली होती. शिवाय डाफ्नियाच्या गाळणीत अडकणारं ते लांबलचक ऑसिलेटोरियाही नाहीसं झालं होतं. त्यानंतर काही वेळा चकती बारा मीटरच्याही खाली दिसली आहे. एडमंडसन यांनी याचं श्रेय स्वतःकडे घेतलं नाही. उलट हे आपल्याला अपेक्षित नव्हतं हे लिहून, कारण शोधत बसले. ते २००० साली गेले, तोवर तळ्याकडे त्यांचं लक्ष होतं.

नितळ म्हणजे निर्मळ नव्हे, हेही सांगायला हवं. पाणी स्वच्छ झाल्यावर उजेड खोलवर पोचला आणि बाहेरून आलेली मिलफॉइल ही पाणवनस्पती काठाकाठाने माजली. माशांमध्ये जुनी औद्योगिक रसायनं सापडतात, ती चकतीला दिसत नाहीत. आणि तळ्याबाहेर काढलेलं पाणी शेवटी प्युजेट साउंडमध्येच जातं. तिथल्या मुख्य केंद्रात दुसऱ्या टप्प्याची प्रक्रिया नव्वदच्या दशकात सुरू झाली. तोवर समुद्र मोठा आहे या भरवशावर काम चाललं होतं.

गेल्या वर्षी घरी गेलो तेव्हा आमच्या गावाबाहेरच्या तलावावर बाबांबरोबर फिरायला गेलो. बाबा म्हणाले, “आमच्या वेळी तळ दिसायचा.” मी विचारलं, किती खोलवरचा? कुठल्या साली? त्यांना सांगता येईना. काकांना विचारलं, त्यांनी वेगळंच सांगितलं. त्यावर दोघांचा वाद झाला आणि आई म्हणाली, “चहा घ्या.”

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या जुन्या ताटलीला भोक पाडलं, पांढरा रंग दिला, खाली वजन आणि वर गाठी मारलेली दोरी बांधली. घाटाच्या शेवटच्या पायरीवरून ती सोडली. दुसरी गाठ भिजायच्या आत दिसेनाशी झाली. म्हणजे चाळीस सेंटिमीटरसुद्धा नाही. एका मोजमापाने काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. ताटली मी बाबांकडे ठेवून आलोय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते जातात आणि कॅलेंडरच्या मागे आकडा लिहितात. या महिन्याचा आकडा छत्तीस.