वऱ्हाडातील घटनात्मक शासन

महाराष्ट्रातील वऱ्हाड विभागात प्रातिनिधिक व संविधानाधिष्ठित शासन कसे उदयास आले, याचा इतिहास. लिखित कायद्याने मर्यादित व प्रजेच्या संमतीवर आधारलेली सत्ता, असा घटनात्मक शासनाचा सामान्य अर्थ आहे. वऱ्हाडात निवडणुका व विधिमंडळे आली, तरी त्यांच्या मागील सार्वभौम सत्ता कोणाची, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित राहिला. त्याचे मूळ साखरखेर्ड्याच्या लढाईपर्यंत जाते.

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजामुल्मुल्क व हैदराबादचा मोगल सुभेदार मुबारिझखान यांच्यात लढाई झाली. निजामास पहिल्या बाजीरावाचे साहाय्य होते. मुबारिझखान मारला गेला आणि विजयाप्रीत्यर्थ गावास फत्तेखेर्डा हे नाव देण्यात आले. पुढील वर्षी मुहम्मदशाह बादशाहाने निजामास दक्षिणेच्या सुभेदारीवर कायम करून आसफजाह हा किताब दिला. नाममात्र मोगल आधिपत्याखालील हैदराबादच्या स्वतंत्र राज्याचा प्रारंभ येथून मानतात. वऱ्हाडात पुढे निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. देवगावच्या तहाने (१७ डिसेंबर १८०३) भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश सोडला व तो निजामाकडे गेला.

हैदराबाद येथील तैनाती फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी २१ मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविण्यात आला. सार्वभौमत्व मात्र निजामाचेच राहिले. लॉर्ड कर्झन व मीर महबूब अली खान (कार. १८६९–१९११) यांच्यात ५ नोव्हेंबर १९०२ रोजी झालेल्या करारानुसार वार्षिक २५ लाख रुपये खंडाने हा प्रदेश ब्रिटिशांना कायम पट्ट्याने मिळाला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांतास जोडला गेला. या सर्व व्यवहारांत प्रजेचे मत कोणीही विचारले नाही.

या स्थितीचे कायदेशीर परिणाम चमत्कारिक होते. वऱ्हाड तांत्रिक दृष्ट्या ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे तेथे कायदे आपोआप लागू होत नसत. परकीय अधिकारक्षेत्रविषयक हुकमान्वये अधिसूचना काढून ते लागू करावे लागत. मध्य प्रांताचे विधिमंडळ १९१४ मध्ये सुरू झाले आणि १९१९ च्या कायद्याने त्याचा विस्तार झाला. वऱ्हाडात मतदान होई; परंतु निवडून आलेल्या व्यक्ती निवडणुकीच्या निकालानुसार ‘नामनिर्देशित’ सभासद म्हणून विधिमंडळात बसत. म्हणजे मतदाराने दिलेला अधिकार सरकारी नेमणुकीच्या रूपानेच मान्य होई.

मीर उस्मान अली खान (कार. १९११–४८) याने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितला आणि तो मिळाल्यास तेथील जनतेस ब्रिटिश हिंदुस्थानापेक्षा अधिक जबाबदार राज्यपद्धती देण्याची तयारी दर्शविली. लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्राने ही मागणी फेटाळली व हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ताच सर्वश्रेष्ठ असल्याचे प्रतिपादन केले. संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्तेच्या सिद्धांतात हे पत्र महत्त्वाचे मानले जाते. वऱ्हाडी जनतेचे राजकीय हक्क हा दोन सत्तांच्या वादातील एक मुद्दा ठरला.

उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतींशी याची तुलना उद्‌बोधक आहे. तेथेही प्रारंभ राजाच्या वा कंपनीच्या सनदांनी झाला; तथापि व्हर्जिनियात १६१९ मध्ये प्रतिनिधिसभा भरली आणि कनेक्टिकटच्या वसाहतकऱ्यांनी १६३९ मध्ये स्वतःच शासनाचे मूलभूत नियम लिहून काढले. १७७६ मध्ये राजसत्ता नाकारल्यानंतर राज्यांनी आपापली संविधाने केली. मॅसॅचूसेट्सचे संविधान १७८० मध्ये नगरसभांपुढे संमतीसाठी ठेवण्यात आले, तर १७८७ च्या संघीय संविधानास राज्याराज्यांतील निर्वाचित परिषदांनी मान्यता दिली. अर्थात गुलाम, स्त्रिया व आदिवासी या प्रक्रियेबाहेरच होते. वऱ्हाडात मात्र विधिमंडळ आधी आले आणि संविधानास प्रजेची संमती हा विचार नंतर.

१९३५ च्या कायद्यातील वऱ्हाडविषयक तरतुदीस अनुसरून २४ ऑक्टोबर १९३६ रोजी नवा करार झाला. निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व पुन्हा मान्य होऊन त्याच्या वारसास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला; शासनासाठी मात्र मध्य प्रांत व वऱ्हाड हा एकच प्रांत ठरला. १९३७ च्या निवडणुकीनंतर ११२ सभासदांच्या विधानसभेस जबाबदार असे ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. संविधान सभेत पंजाबराव देशमुख व ब्रिजलाल बियाणी हे वऱ्हाडातील नेते होते. निजामाने २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने भारताचे संविधान हैदराबाद राज्यासाठी मान्य केले. २६ जानेवारी १९५० पासून संविधान अंमलात आले व वऱ्हाड मध्य प्रदेश राज्यात राहिला. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. साखरखेर्ड्याच्या लढाईतून उद्‌भवलेल्या राजसत्तेचा वऱ्हाडवरील कायदेशीर हक्क अशा रीतीने संपुष्टात आला व त्याची जागा प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या लोकांच्या सार्वभौमत्वाने घेतली.