होपच्या निळ्या हिऱ्याची कुळकथा

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें स्मिथ्सोनियन संस्थेचें निसर्गेतिहासाचें भव्य संग्रहालय आहे. त्यांतील एका दालनांत जाड कांचेच्या आड एक गडद निळा हिरा ठेवलेला असून त्याच्या भोंवतीं शुभ्र हिऱ्यांची महिरप आहे. त्याला ‘होप हिरा’ म्हणतात. वजन ४५.५२ कॅरट, आपल्या जुन्या हिशेबानें पाऊण तोळ्याहून किंचित् अधिक. एवढ्याशा खड्यापुढें माणसांची रीघ लागते, आणि त्या गर्दींत जी कुजबूज चालते तिच्यांत हिऱ्याच्या तेजापेक्षां त्याच्या शापाचाच बोलबाला अधिक असतो.

ही कुजबूज महाराष्ट्रीय घरांना अपरिचित वाटूं नये. नीळ सर्वांनाच लाभत नाहीं असें सांगणारीं आणि अंगठींत खडा बसविण्यापूर्वीं तो चार रात्री उशाखालीं ठेवून पाहणारीं माणसें आपल्याकडे आळोआळीं आहेत. रत्न जितकें दुर्मिळ, तितकें त्याविषयींचें बोलणें सुलभ. दोन स्नेही चहाला बसले असतां एखादी गोष्ट निघते, तिसरा तींत भर घालतो, आणि चौथ्याच्या तोंडीं ती पुराव्यानिशीं सिद्ध झालेली असते. होप हिऱ्याची लोककथा अशीच वाढली. मात्र त्याचा खरा इतिहासहि टिकून राहिला आहे. आणि तो टिकला तो एका पुस्तकांतील चित्र, एका जवाहिऱ्याचें टिपण आणि शिशाचा एक ठसा या तीन साध्या वस्तूंमुळें.

या इतिहासाचा पहिला पुरुष झां बाप्तीस्त ताव्हेर्निये. पॅरिसमध्यें १६०५ सालीं जन्मलेल्या या फ्रेंच व्यापाऱ्यानें पूर्वेकडे सहा सफरी केल्या. सुरतेहून गोवळकोंड्यास जाण्याची त्याची एक वाट नवापूर, दौलताबाद, औरंगाबाद या मार्गानें जात असे. जवाहिऱ्याची नजर आणि कारकुनाची शिस्त हे दोन गुण त्याच्या ठिकाणीं एकत्र आले होते. वाटेंतील मुक्काम, अंतरें, जकाती, वजनें, नाणीं, एवढेंच काय, पण नवापूरच्या तांदुळास कस्तुरीचा वास येतो ही गोष्टसुद्धां त्यानें टिपून ठेवली. कृष्णेच्या कांठच्या कोल्लूर येथील हिऱ्यांच्या खाणीहि त्यानें स्वतः पाहिल्या.

शेवटच्या सफरीहून तो १६६८ सालीं परतला, आणि त्यानंतर लौकरच सुमारें ११५ कॅरट वजनाचा एक मोठा निळा हिरा, इतर हजारभर हिऱ्यांसह, त्यानें चौदाव्या लुईस विकला. हा हिरा बहुधा कोल्लूरचाच असावा, असें जाणकार मानतात. १६७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत ताव्हेर्नियेनें राजास विकलेल्या निवडक हिऱ्यांचीं चित्रें दिलीं. त्यांत या निळ्या हिऱ्याचीं तीन बाजूंनीं काढलेलीं चित्रें आहेत. हा पहिला पुरावा.

चौदाव्या लुईनें १६७३ सालीं हा हिरा पुन्हा पैलू पाडण्यास पितो नांवाच्या कारागिराकडे दिला. हिंदुस्थानांतील कारागीर दगडाचें वजन जपत; फ्रेंच दरबारास झगमगाट हवा होता. ११५ कॅरटांचा दगड घांसून ६९ कॅरटांचा झाला. पुढें १७४९ सालीं पंधराव्या लुईनें तो ‘सुवर्ण मेंढा’ या सरदारी मानचिन्हांत बसवून घेतला. हें चिन्ह राजानें धारण करावयाचें असे. मारी आंत्वानेत राणीनें हा हिरा गळ्यांत घातला आणि म्हणून तिचें शिर गेलें, ही जी गोष्ट रंगवून सांगितली जाते, तिला येथेंच खीळ बसते.

राज्यक्रांतीच्या धामधुमींत राजघराण्याचें जवाहीर पॅरिसमधील सरकारी भांडारांत ठेवलेलें होतें. १७९२ च्या सप्टेंबरांत चोरांनीं त्या इमारतींत शिरून, एक नव्हे तर ओळीनें कांहीं रात्री, तेथील ऐवज लुटला. बराचसा माल पुढें हातीं लागला. पण निळा हिरा आणि त्याचें मानचिन्ह नाहींसें झालें तें कायमचेंच. येथून पुढें वीस वर्षें इतिहास मुका आहे.

या मुकेपणाचा भंग १८१२ सालीं लंडनमध्यें झाला. जॉन फ्रान्सिलॉन नांवाच्या जवाहिऱ्यानें एका निळ्या हिऱ्याचें टिपण केलें आणि त्याच्या आकाराची रेघ कागदावर ओढून ठेवली. हिरा १७७ ग्रेन वजनाचा असून तो डॅनियल इलायसन या व्यापाऱ्याकडे आहे, असें त्यांत म्हटलें आहे. टिपणाची तारीख १९ सप्टेंबर १८१२. चोरीला नुकतींच वीस वर्षें पुरीं झालेलीं. अशा गुन्ह्यास फ्रेंच कायद्यानें घातलेली वीस वर्षांची मुदत टळण्याची वाट पाहूनच हिरा उजेडांत आणला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. हा दुसरा पुरावा; परंतु त्यांत हिऱ्याच्या पूर्वेतिहासाविषयीं एक अक्षरहि नाहीं. राजमुकुटाचा हिरा पुन्हा कापून लहान करणाऱ्यास त्याचें कूळच पुसून टाकावयाचें होतें. १८३९ सालीं तो हेन्री फिलिप होप या धनिकाच्या संग्रहाच्या यादींत प्रकट झाला, आणि त्या घराण्याचें नांव त्यास कायमचें चिकटलें.

ज्याचा पूर्वज ठाऊक नाहीं त्याच्याविषयीं लोक वाटेल तें बोलतात. होप घराण्याच्या वंशजानें कर्जापायीं १९०१ सालीं हिरा विकला, आणि तो एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाऊं लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील वर्तमानपत्रांस ही पर्वणीच होती. ताव्हेर्नियेनें हा हिरा एका हिंदु देवमूर्तीवरून उपटला आणि त्या पापानें त्याला कुत्र्यांनीं फाडून खाल्लें, अशी कथा रूढ झाली. वस्तुतः त्या गृहस्थानें हिऱ्यांच्या विक्रीनंतर स्वित्झर्लंडमध्यें जहागीर विकत घेतली, सुखानें आपला ग्रंथ छापला, आणि ऐंशी उलटून गेल्यावर १६८९ सालीं रशियांत तो मरण पावला.

शापाच्या कथेनें धंद्याचें नुकसान झालें असें मात्र नाहीं. पिएर कार्त्ये या जवाहिऱ्यानें इव्हलिन वॉल्श मॅक्लीन या श्रीमंत अमेरिकन बाईस हिरा दाखविला तो या अशुभ कथांच्या फोडणीसह. इतरांना जें अपशकुनी तें आपणांस शुभ ठरतें, असें ती बाई मानीत असे. १९११ सालीं तिनें हिरा घेतला. पुढें तिचा नऊ वर्षांचा मुलगा अपघातांत गेला, नवऱ्याच्या बुद्धीस भ्रम झाला, आणि १९४६ सालीं तरुण मुलगीहि दगावली. लोकांनीं माना डोलावल्या. परंतु जीं दुःखें हिऱ्याचा खडाहि न पाहिलेल्या असंख्य घरांत येतात, तीं कोणी कोणत्या दगडाच्या खातीं मांडीत नाहीं. आईच्या शोकाची करमणूक करणारें बोलणें निरुपद्रवी म्हणतां येत नाहीं.

१९४७ सालीं ती बाई वारली. १९४९ मध्यें न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या हॅरी विन्स्टन यानें हिरा घेतला, आणि १९५८ च्या नोव्हेंबरांत तो स्मिथ्सोनियनला दान केला. त्यानें तो पाठविला साध्या तपकिरी कागदांत गुंडाळून, रजिस्टर टपालानें! टपालहशील दोन डॉलर चव्वेचाळीस सेंट. विम्यासह एकूण खर्च १४५ डॉलर २९ सेंट. ज्या वेष्टनांतून हिरा आला, तें वेष्टनसुद्धां त्याच संस्थेच्या टपाल-संग्रहालयांत जपून ठेवलें आहे.

अशा जपणुकीचें फळ किती काळानें मिळेल याचा नेम नसतो. पॅरिसच्या निसर्गेतिहास-संग्रहालयांत शिशाचा एक बारकासा ठसा दीडशें वर्षें पडून होता. २००७ सालीं फ्रांस्वा फार्ज या खनिजशास्त्रज्ञाच्या तो दृष्टीस पडला. तो ठसा होता फ्रान्सच्या हरवलेल्या राजहिऱ्याचा. आणि त्याच्या नोंदींत लंडनच्या होप यांचें नांव होतें. जुन्या चित्रांवरून संगणकाच्या साह्यानें केलेल्या अभ्यासानें होप हिरा हा त्या राजहिऱ्याचाच कापलेला अवशेष होय, हें २००५ मध्येंच दिसून आलें होतें. शिशाच्या ठशानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. चोरानें पुसलेलें कूळ एका नोंदवहीनें परत मिळवून दिलें.

शास्त्रानेंहि आपला वांटा उचलला. या हिऱ्याचा निळेपणा त्यांतील बोरॉन या मूलद्रव्याच्या अत्यल्प अंशामुळें आहे, आणि अतिनील किरण पाडून दूर केल्यावर तो अंधारांत कांहीं क्षण निखाऱ्यासारखा तांबडा लकाकतो. हा तांबडा प्रकाश पाहून एखाद्यास शाप आठवेल. पण त्याचें मूळ दगडाच्या घडणींत आहे, कोणा देवाच्या कोपांत नाहीं.

मग या हिऱ्याच्या कथेंत अन्याय कांहींच नाहीं काय? आहे, पण तो वदंतेंत सांपडत नाहीं. ताव्हेर्निये लिहितो कीं, कोल्लूरच्या खाणींवर त्यानें सुमारें साठ हजार माणसें राबतांना पाहिलीं. पुरुष जमीन खणीत आणि बायकामुलें माती वाहून नेत. दुसऱ्या एका खाणींतील मजुरांविषयीं तो सांगतो कीं, कामांत वाकबगार असूनहि त्या गरिबांस वर्षाकाठीं जेमतेम तीन होन मिळत. आज कोल्लूरचा परिसर पुलिचिंतला धरणाच्या जलाशयाच्या कक्षेंत आला आहे. ज्या हातांनीं निळा दगड मातींतून उचलला त्या हातांचें नांव कोठल्याहि यादींत नाहीं, चित्रांत नाहीं, ठशांत नाहीं.

गप्पांनीं त्या अनामिकाच्या जागीं एक काल्पनिक मूर्ति उभी केली, आणि तिच्या कल्पित डोळ्यासाठीं हळहळण्याची सोय करून दिली. इतिहासाजवळ त्याच्यासाठीं एका परदेशी व्यापाऱ्याच्या वहींतील दोन-चार ओळी तेवढ्या आहेत. होप हिऱ्यापुढें उभें राहणाऱ्यानें शापाची कुजबूज क्षणभर बाजूस ठेवून त्या ओळी आठवल्या, तर त्या पाऊण तोळा दगडाचें खरें वजन त्याच्या ध्यानांत येईल.