मेणबत्ती ते कँडेला : प्रकाशमापनाच्या एककांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत कँडेला, ल्यूमेन व लक्स ही एकके तयार व्याख्यांच्या रूपाने येतात. ती कोणत्या गरजेतून निर्माण झाली आणि व्याख्येतील आकडे असे विषम का आहेत, याचे विवेचन तेथे क्वचितच आढळते. त्यामुळे एका एककातून दुसऱ्यात जाणे म्हणजे केवळ गुणाकार-भागाकार, असा समज रूढ होतो. प्रस्तुत लेखात या एककांच्या जडणघडणीचा मागोवा घेऊन हा समज कितपत ग्राह्य आहे, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ज्योत हेच मानक

प्रकाशमापनाचा पाया फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर यांनी १७२९ मध्ये घातला. एक दिवा दुसऱ्यापेक्षा किती पट तेजस्वी आहे हे डोळ्याला सांगता येत नाही. मात्र शेजारी ठेवलेले दोन पृष्ठभाग सारखेच उजळले आहेत किंवा नाहीत, हे तो अचूक ओळखतो, हे त्यांनी जाणले. अंतर दुप्पट केल्यास प्रदीपन एकचतुर्थांश होते. त्यामुळे दिवे पुढेमागे सरकवून त्यांची तुलना करणे शक्य झाले. १७६० मध्ये योहान हाइनरिश लांबेर्ट यांनी ‘फोटोमेट्रिया’ या ग्रंथात या शास्त्राला गणिती बैठक दिली. तुलनेसाठी आता हवा होता सर्वमान्य दिवा.

ही गरज प्रयोगशाळेपेक्षा बाजारपेठेत अधिक तीव्र होती. लंडनमधील गॅसपुरवठ्याविषयीच्या १८६० च्या कायद्याने गॅसची प्रत मेणबत्त्यांत मोजण्याचे ठरविले. ताशी ५ घनफूट गॅस जाळणाऱ्या ठरावीक बर्नरचा प्रकाश किमान १२ मेणबत्त्यांइतका असावा, अशी अट होती. ही मेणबत्ती देवमाशाच्या डोक्यातून मिळणाऱ्या स्पर्मॅसेटीची, एका पौंडात सहा बसणारी आणि ताशी १२० ग्रेन, म्हणजे सुमारे ७.८ ग्रॅम, जळणारी असे. ग्राहकाने मोजलेल्या पैशाच्या बदल्यात त्याला किती उजेड मिळतो, हा प्रश्न असा कायद्याच्या कक्षेत आला.

अन्य देशांनी आपापल्या ज्योती निवडल्या. फ्रान्समध्ये तेलावर चालणारा कार्सेल दिवा प्रमाण मानला गेला. जर्मनीत हेफ्नर-आल्टेनेक यांनी १८८४ मध्ये सुचविलेला, अमिल ॲसिटेटवर जळणारा, ४० मिलिमीटर उंच ज्योतीचा दिवा रूढ झाला. ब्रिटनमध्ये पुढे मेणबत्तीची जागा पेंटेन दिव्याने घेतली.

रंगाचा अडसर

१९०९ मध्ये अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांच्या प्रयोगशाळांनी ‘आंतरराष्ट्रीय कँडल’ या एककावर एकमत केले. जर्मनीने हेफ्नर एकक कायम ठेवले व एक हेफ्नर म्हणजे ०.९ आंतरराष्ट्रीय कँडल, असे गुणोत्तर मान्य झाले. तथापि हे गुणोत्तर सर्व दिव्यांना सारखेच लागू पडेना. हेफ्नरची ज्योत तांबूस, तर टंगस्टनच्या तारेचा उजेड अधिक पांढरा होता. भिन्न रंगांच्या प्रकाशांची तुलना करताना निरीक्षकागणिक निष्कर्ष बदलत असे. रूपांतराचा एकच स्थिर गुणक येथे अपुरा ठरला.

या अडचणीवर १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने तोडगा काढला. अनेक निरीक्षकांवरील प्रयोगांच्या आधारे ‘प्रमाण डोळ्या’चा संवेदनशीलता-वक्र स्वीकारण्यात आला. त्यानुसार डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. याचाच अर्थ, कोणा एका व्यक्तीच्या डोळ्याऐवजी सर्वसंमत सरासरी प्रमाण मानली गेली.

ज्योतीकडून वारंवारतेकडे

वितळलेले प्लॅटिनम गोठताना देत असलेला प्रकाश प्रमाण मानावा, ही व्हिओल यांची सूचना १८८४ च्या पॅरिस परिषदेत मान्य झाली होती. मात्र ती प्रत्यक्षात आणणे कठीण होते. १९४८ मध्ये तीच कल्पना सुधारित स्वरूपात अवतरली. प्लॅटिनमच्या गोठणबिंदूच्या तापमानास असलेल्या कृष्ण पदार्थाची दीप्ती दर चौरस सेंटिमीटरला ६० कँडेला मानण्यात आली. ६० हा आकडा निवडण्यामागे जुन्या कँडलपासून फार दूर जाऊ नये, असा व्यावहारिक हेतू होता. नवे एकक जुन्यापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनीच लहान होते.

हे साधन बनविणे व वापरणे जिकिरीचे असल्याने १९७९ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली. ५४० × १०^१२ हर्ट्झ वारंवारतेच्या प्रकाशासाठी दर वॅटला ६८३ ल्यूमेन, हे नाते पायाभूत ठरले. २०१९ च्या फेररचनेतही हाच आकडा कायम राहिला. ६८३ या संख्येत निसर्गाचे रहस्य दडलेले नाही. जुन्या एककाशी सातत्य राखण्यासाठी ती निवडली गेली.

रूपांतराचे तीन प्रकार

या इतिहासाच्या प्रकाशात रूपांतराचे तीन प्रकार वेगळे करता येतात. पहिला निव्वळ अंकगणिताचा : एक फूट-कँडल म्हणजे १०.७६ लक्स, कारण येथे केवळ चौरस फुटाचे चौरस मीटर होतात. दुसरा भूमितीचा : सर्व दिशांना समान प्रकाश देणारा एक कँडेलाचा स्रोत १२.५७ ल्यूमेन देतो. परंतु विजेरीच्या झोताला हा गुणक लावता येत नाही. तिसरा डोळ्याचा : वॅटवरून ल्यूमेन काढण्यास प्रकाशाचा वर्णपट ठाऊक असावा लागतो. ६० वॅटचा जुना तारेचा दिवा जेवढा उजेड देई, जवळपास तेवढाच उजेड ९-१० वॅटचा एलईडी दिवा देतो, याचे इंगित येथेच आहे. तारेच्या दिव्याची बहुतांश ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रारणात जाते.

समारोप

आंतरराष्ट्रीय पद्धतीतील सात मूलभूत एककांपैकी मानवी संवेदनेवर आधारलेले एकक कँडेला हे एकच होय. म्हणून त्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. १९२४ चा वक्र भरपूर उजेडातील दृष्टीचा आहे. अंधूक प्रकाशात डोळ्याची कमाल संवेदनशीलता सुमारे ५०७ नॅनोमीटरकडे सरकते व त्यासाठी १९५१ मध्ये स्वतंत्र वक्र स्वीकारावा लागला. मंद उजेडाच्या रस्त्यावर समान ल्यूमेनचे दोन दिवे पादचाऱ्याला समान वाटतीलच असे नाही. भारतात २००९ च्या वैधमापन कायद्याने कँडेलाला मूलभूत एकक म्हणून मान्यता दिली आहे. तेव्हा दिव्याच्या खोक्यावरील ल्यूमेनचा आकडा वाचताना, तसेच वर्गात तो शिकविताना, त्यामागील करार विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे. १८६० मध्ये लंडनच्या ग्राहकाला पडलेला प्रश्न आजच्या ग्राहकालाही लागू आहे आणि त्याचे उत्तर देण्यास गुणकांचा तक्ता एकटा पुरेसा नाही.