विझलेली चमक, उरलेला धोका : रेडियमयुक्त तबकड्यांचा इतिहास

प्रस्तावना :
मराठी व्यवहारात ‘रेडियम’ हा शब्द आज वाहनांवरील चकाकणाऱ्या पट्ट्यांसाठी रूढ आहे. या पट्ट्या केवळ बाहेरून पडणारा प्रकाश परावर्तित करतात. त्यांत रेडियम नसते. तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक घड्याळे, होकायंत्रे व विमानांतील मापकयंत्रे यांच्या तबकड्यांवर खरेखुरे रेडियम वापरले जात असे. अशा जुन्या वस्तू आजही संग्राहकांकडे व दुरुस्ती करणाऱ्यांकडे आढळतात. त्यांची चमक विझलेली असल्याने त्या निर्धोक झाल्या, असा समज होणे स्वाभाविक आहे. या समजाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

रंग आणि रंगविणारे हात :
मेरी व पिएर क्यूरी यांनी १८९८ मध्ये रेडियमचा शोध लावला. रेडियमच्या किरणोत्सर्गाने झिंक सल्फाइड प्रकाशमान होते, या तत्त्वावर स्वयंप्रकाशी रंग तयार झाला. पहिल्या महायुद्धात अंधारात वाचता येणाऱ्या तबकड्यांची मागणी वाढली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज येथे ‘युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन’च्या कारखान्यात तरुण स्त्रिया हे काम करीत. बारीक रेघ उमटावी म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची पद्धत होती. त्यामुळे प्रत्येक वेळी थोडे रेडियम पोटात जाई. रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमशी साम्य असल्याने ते हाडांत साठून राही. परिणामी जबड्याचे हाड कुजणे, रक्तक्षय व हाडांचा कर्करोग असे विकार उद्भवले.

१९२२ मध्ये मॉली मॅगिया ही कामगार स्त्री मरण पावली, तेव्हा मृत्यूचे कारण उपदंश असे नोंदविण्यात आले. १९२७ मध्ये तिचे दफन केलेले शरीर बाहेर काढून तपासले असता हाडे किरणोत्सारी आढळली. दरम्यान १९२५ मध्ये डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी या आजारांचा रेडियमशी असलेला संबंध दाखवून दिला होता. ग्रेस फ्रायर व अन्य चार स्त्रियांनी न्यायालयात दाद मागितली. १९२८ मध्ये तडजोड होऊन प्रत्येकीला १०,००० डॉलर व वार्षिक ६०० डॉलर देण्याचे ठरले. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत शरीरातील रेडियमची कमाल मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम निश्चित झाली. या मर्यादेला आधार होता तो या स्त्रियांच्या शरीरांवरून मिळालेल्या माहितीचा.

चमक आणि किरणोत्सर्ग :
काळाच्या ओघात किरणोत्सर्गाच्या माऱ्याने झिंक सल्फाइड निकामी होते व चमक मावळते. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. म्हणजेच ८० वर्षांनंतरही मूळ रेडियमपैकी ९६ टक्क्यांहून अधिक शिल्लक असते. काच शाबूत असल्यास अल्फा कण बाहेर येत नाहीत. गॅमा किरण मात्र काही प्रमाणात येतात. खरा धोका वस्तू उघडल्यावर उद्भवतो. ठिसूळ झालेल्या रंगाची धूळ श्वासावाटे किंवा हातांवाटे शरीरात जाऊ शकते. शिवाय रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निर्माण होत असल्याने बंद कपाटात अशा अनेक वस्तू ठेवणेही अयोग्य ठरते.

स्कॉटलंडमधील डॅल्गेटी बे येथील उदाहरण या संदर्भात बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धातील विमाने मोडीत काढताना त्यांच्या तबकड्या जाळून राख तेथे पुरण्यात आली होती. १९९० मध्ये त्या किनाऱ्यावर किरणोत्सारी कण सापडले. स्वच्छतेचे काम २०२३ मध्ये पूर्ण झाले.

निष्कर्ष :
विझलेली चमक ही रंगाच्या निकामी होण्याची खूण आहे, सुरक्षिततेची नव्हे. जुनी तबकडी उघडू, खरवडू वा जाळू नये. ती हवेशीर जागी ठेवावी आणि भंगारात न देता तज्ज्ञांच्या सल्ल्याने तिची व्यवस्था लावावी. भारतात किरणोत्सर्गविषयक सुरक्षेचे नियमन १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील जुन्या उपकरणांची नोंद ठेवताना तबकडीवरील रंगाचीही दखल घेणे आवश्यक आहे. ऑरेंजमधील स्त्रियांना जे कोणी सांगितले नव्हते, ते आज ज्ञात आहे. म्हणूनच आजची बेफिकिरी अधिक अक्षम्य ठरते.