पास्कलच्या पोटातली असेंब्ली

१/ सातारच्या शाहू छत्रपतींच्या पत्रांत मजकूर मराठी, तर मुद्रा संस्कृत. एका लेखात दोन भाषा! संगणकाच्या इतिहासातही असेच घडले.

२/ निकलाऊस विर्थ यांची पास्कल १९७० ची. शिस्त हा तिचा प्राण. १९८३ मध्ये अँडर्स हेल्सबर्ग यांचा टर्बो पास्कल आला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत यंत्राशी थेट बोलण्यासाठी 'इनलाइन'पुढे यंत्रसंकेतांचे आकडे लिहावे लागत. एक आकडा चुकला, तर संगणक गोठू शके.

३/ १९९० च्या सहाव्या आवृत्तीत 'एएसएम' आणि 'एंड' यांच्यामध्ये असेंब्लीच्या आज्ञा लिहिता येऊ लागल्या. पास्कलमधील चलांची नावेही तेथे चालत.

४/ मात्र त्या आज्ञा इंटेलच्या ८०८६ कुळापुरत्याच होत्या. २०११ मध्ये डेल्फीच्या ६४-बिट कंपायलरने पास्कलमध्ये गुंफलेली असेंब्ली नाकारली. वेगासाठी लिहिलेला भागच आधी कालबाह्य ठरला.